इटलीला मयतीला गेलेले मुलाणीकाका

मुलाणीकाका आमच्याकडे यायचे ते निघायच्या तयारीनेच. बेल वाजवायचे आणि मी दार उघडेपर्यंत जिन्याच्या दोन पायऱ्या परत उतरलेले असायचे. आत आले तरी चपला अर्ध्याच काढणार, चहा उभ्यानेच घेणार. कप निम्मा झाला की खिडकीपाशी जाऊन खाली कुणाची गाडी लागलीय ते बघणार. "चलो, निघतो," हे त्यांचं आल्याआल्याचं वाक्य. निघायला मात्र त्यांना कधीकधी दीड तास लागायचा, आणि तेवढ्या वेळात आमच्या हॉलमध्ये त्यांचं दोन किलोमीटर चालणं होऊन जायचं.

दिल्लीच्या मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत मराठी घरं चार, त्यातलं एक त्यांचं. मूळचे सातारा जिल्ह्यातले दस्तगीर मुलाणी. सरकारच्या नकाशांच्या कार्यालयात त्यांनी पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समनचं काम केलं. दिवसभर उंच स्टुलावर बसायचं आणि नद्या, नाले, तालुक्यांच्या हद्दी काढायच्या. या माणसाला हे कसं जमलं असेल, असं मला नेहमी वाटायचं. एकदा विचारलंच. म्हणाले, "हात कागदावर असायचा गं. मी कुठं तिथं असायचो?"

मेट्रोत ते दर स्टेशनला उतरून पुढच्या डब्यात चढायचे. जुबेदाकाकू मात्र जागा पकडून शांतपणे बसून राहायच्या. "राजीव चौकपर्यंत येतात फिरून," त्या म्हणायच्या. "लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, यांना पोटाचा काही त्रास आहे. माझ्या वडिलांनी हकीमाकडून पुडीसुद्धा पाठवली होती."

त्यांची खरी ओळख मला झाली ती गेल्या वर्षी. त्यांचा मुलगा आरिफ जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्याकडे दोन महिने जायचं ठरलं, आणि व्हिसाचा फॉर्म भरायला काका माझ्या कॉम्प्युटरपाशी आले. प्रवासाचा उद्देश काय, या रकान्याशी आम्ही अडलो. मी म्हटलं, "मुलाला भेटायला, असं लिहू या." काका माझ्या खुर्चीमागे येरझारा घालत होते. म्हणाले, "ते तर आहेच. पण मला खरं म्हणजे इटलीला जायचंय. मयतीला."

मी दचकून मागे वळले. "कोण गेलं काका?"

"थोरले चाचा."

फॉर्ममध्ये मी मुलाला भेटायला असंच लिहिलं. काका मात्र मुलाखतीच्या खिडकीवर खरं बोलून आले. तिथे काय झालं ते काकूंनी मला नंतर नक्कल करून दाखवलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "ओह, सो सॉरी सर. डेथ कब हुई?" काका म्हणाले, "हो गये कोई सत्तर-पचहत्तर साल." मुलीने पेन खाली ठेवलं. काकूंनी मागून त्यांचा सदरा ओढला, पण ऐकतात कुठे? काकांनी तिला उभ्याउभ्या सगळी गोष्ट सांगितली. पाठीमागची रांग खोळंबली. व्हिसा मिळाला.

ती गोष्ट मला सोसायटीच्या बागेत कळली, त्यांच्याबरोबर फेऱ्या मारताना.

काकांच्या आईचं, अम्माचं, लग्न झालं ते इमाम मुलाणी नावाच्या माणसाशी. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. सहा महिन्यांत इमाम पलटणीत भरती झाला आणि मुंबईहून बोटीत बसला. आधी मिसर म्हणजे इजिप्त, मग इटली. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. दोन वर्षांनी तार आली. पुढे आणखी काही वर्षं गेल्यावर घरच्या वडीलधाऱ्यांनी अम्माचा निकाह इमामच्या धाकट्या भावाशी, कासमशी, लावला. दस्तगीर हा त्यांचा पहिला मुलगा.

"मी सहा वर्षांचा असेन," काका म्हणाले. "कसल्याशा हट्टाला पेटलो होतो. अब्बांनी मला समोर उभं केलं आणि म्हणाले, तुझे थोरले चाचा परत आले असते तर तू नसतास. रागाने नाही बोलले. पाऊस पडला नसता तर पीक आलं नसतं, तसं सांगितलं. सहा वर्षांच्या पोराला हे सांगायचं असतं का, बोल! पण सांगितलं. तेव्हापासून मला कुठंही बसलं की वाटतं, ही जागा दुसऱ्याची आहे. कधीही येऊन उठ म्हणेल."

मला हे तेव्हा थोडं नाटकी वाटलं होतं. काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "काही नाही गं. यांचे अब्बाही असेच होते. जेवताना दोनदा उठायचे." खरं कारण कुठलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अम्माने मात्र इमामचं नाव आयुष्यात उच्चारलं नाही. शेवटच्या आजारात, साताऱ्याच्या इस्पितळात, तिने काकांना जवळ बोलावलं आणि त्यांच्या घरातल्या दख्खनी बोलीत एवढंच म्हणाली, "जाएगा तो देख, उधर सावली है क्या."

"कुठं जाईन, कधी जाईन, काही नाही," काका म्हणाले. "सावली आहे का बघ, बस. सत्तर वर्षं बाई ह्या एका गोष्टीची काळजी करत होती."

ते गेले. आरिफ बरोबर होता. जर्मनीहून दीड दिवस गाड्या बदलत, मग टॅक्सीने एका डोंगरउतारावर. समोर समुद्र, आणि शिस्तीत उभे असलेले हजारो पांढरे दगड. मुलाणीकाकांच्या भाषेत, "कुणीतरी पट्टी लावून आखल्यासारखे." परत आल्यावर त्यांनी हे सगळं आम्हाला सांगितलं. इमामचा दगड सापडला. त्यावर नाव, नंबर, पलटण, आणि अरबीत कोरलेली एक ओळ. काकांनी फातिहा म्हटला. आरिफ फोटो काढत होता.

"आणि सावली?" मी विचारलं.

"नव्हती. झाडं आहेत, जैतुनाची, ऑलिव्हची म्हण, पण कडेला. दगड भर उन्हात." ते खिडकीपाशी गेले. "मी थोडा वेळ उन्हाच्या बाजूला उभा राहिलो. पण किती वेळ राहणार?"

आरिफ जेवणाचं बघायला खाली गावात गेला, आणि काका एकटे त्या आवारात फिरत राहिले. मुसलमान आणि ख्रिस्ती सैनिकांचे दगड होते, काही हिंदूंचेही. पण ज्यांचं दहन झालं होतं, त्यांची फक्त नावं, एका भिंतीवर ओळीने. फाटकाशेजारी दगडात बसवलेलं एक लहानसं कपाट होतं, पितळी दाराचं. त्यात एक रजिस्टर. कुणीही उघडावं आणि वाचावं. काकांनी ते उघडलं आणि दोन तास उभ्याने वाचलं. रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव, सातारा. बापाचं नाव, गावाचं नाव. इंग्रजी स्पेलिंगमधून आपली गावं ओळखू यायला वेळ लागत होता. आणि एके ठिकाणी ते थबकले. शिपाई मारुती, सखारामचा मुलगा, गोदाचा नवरा, राहणार धावडेवाडी, जिल्हा सातारा.

"धावडेवाडी आमच्या गावाच्या टेकडीपलीकडं गं! लहानपणी मी तिथं कुस्त्या बघायला जायचो. आणि या माणसाचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नाही कधी."

त्यांनी ती ओळ वहीत उतरवून घेतली. मग आणखी बारा नावं उतरवली. आरिफ जेवण घेऊन परत आला तरी ते लिहीतच होते; जेवण थंड झालं.

भारतात आल्यावर काका आठवडाभर दिल्लीत राहिले आणि आठव्या दिवशी साताऱ्याच्या गाडीत बसले. अम्माच्या कबरीपाशी जाऊन सांगायचं होतं. परत आल्यावर मी विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय?"

"सावली आहे म्हणालो." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मोठं झाड आहे, म्हटलं. पिंपळाएवढं."

त्यानंतर ते धावडेवाडीला गेले होते. पारावर दोनतीन म्हातारे बसले होते. मारुती सखाराम म्हटल्यावर त्यातला एक हसला. "ते व्हय! ते काय मेलं न्हाईत. लढाईला गेलं आन तिकडंच मडमेसंगं राह्यलं की. समद्या गावाला म्हाईत हाय." मारुतीची बायको गोदा लेकीला घेऊन शेजारच्याच गावी, माहेरी निघून गेली होती. दीर मुंबईच्या गिरणीत गेला, घर पडलं. मृत्यूचा कागद आलाच असेल तर तो दिराच्या हाती पडला असेल. गोदा मरून पुष्कळ वर्षं झाली होती. मुलगी ताराबाई जिवंत होती, पण गावात नव्हती. तिचा नातू कारखान्यात नोकरीला होता आणि तिला आपल्याबरोबर घेऊन गेला होता.

"कुठं?" काकांनी विचारलं.

"ते तिकडं दिल्लीकडं. मानेसर का काय म्हणत्यात."

हे सांगताना काका खूप हसले. मग एकदम म्हणाले, "येत्या रविवारी तू मोकळी आहेस का?" काकूंनीही मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू जा बाई बरोबर. अनोळखी म्हातारीकडे हे एकटे जाऊन उभे राहिले, तर ती घाबरेल."

रविवारी आम्ही गुडगावच्या शेवटच्या स्टेशनपर्यंत मेट्रोने गेलो, आणि पुढे एका शेअर ऑटोत दहा माणसांबरोबर कोंबून मानेसरला. ताराबाईंचा नातू अमोल आम्हाला घ्यायला आला होता. तिशीचा मुलगा, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्टवर काम करणारा. फोनवर काकांनी त्याला "तुमच्या पणजोबांबद्दल थोडं बोलायचंय" एवढंच सांगितलं होतं. वाटेत त्याने हळूच विचारलं, "काही जमिनीचं मॅटर आहे का, अंकल?"

"नाही रे बाबा."

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ताराबाई खाटेवर बसून मेथी निवडत होत्या. ऐंशीकडे झुकलेल्या, हाडापेराने मोठ्या. डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला. काकांनी आपलं गाव आणि आडनाव सांगितलं.

"मुलाण्याचा?" त्या म्हणाल्या. "कासमभाईचा का काय? जत्रंला बकरी कापायला यायचा त्यो?"

"त्यांचाच मुलगा."

"बस की मग. हुबा का?"

काका उभेच राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, सरळ, न थांबता. इटली, दगड, भिंत, रजिस्टर. ताराबाई मेथी निवडत राहिल्या. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. काकांचं बोलणं संपल्यावरही हात चालूच होते. मग त्यांनी विचारलं, "कवा म्येलं?"

"लढाईतच. तुम्ही वर्षा-दोन वर्षांच्या असाल."

"म्हंजी येनारच नव्हतं."

"नाही."

"मंग आय माझी जलमभर शिव्या कुनाला घालत व्हती?"

अमोल दारात उभा होता. ताराबाई आता मेथीकडे बघत नव्हत्या. "मरंपतूर कुंकू लावलं तिनं. लोकं म्हनायची, नवऱ्यानं टाकलेली, कशाला लावती? तर म्हनायची, त्यो तिकडं जित्ता हाय, म्या का पुसू? रागानं लावायची. बोटानं असं दाबून. आन पित्तरपाटात त्येला कधी पान वाढलं न्हाई. जित्त्या मान्साला कोन वाढतंय?"

काकांनी खिशातून वही काढली. "ताराबाई, तिथं रजिस्टरमध्ये तुमच्या आईचं नाव आहे. गोदाचा नवरा, असं लिहिलंय."

"काय लिवलंय?"

"गोदाचा नवरा."

"पुन्यांदा वाच."

काकांनी वाचलं. त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं. आणि मग मला अजिबात अपेक्षित नव्हतं ते झालं. ताराबाईंनी मेथीचं ताट बाजूला ढकललं, आणि त्या काकांवर ओरडल्या. "आता आलायस व्हय रं? आय जाऊन तीस वरसं झाली, आता आलायस? तिला कोन सांगनार? जा. जावा तुमी दोगंबी. अमोल, सोडून ये यास्नी."

चहा गॅसवर होता, तो तसाच राहिला. आम्ही जिना उतरलो. खाली अमोल काकांचे हात धरून सॉरी, सॉरी म्हणत होता. काका म्हणाले, "अरे, त्यांचं बरोबर आहे."

परतीच्या मेट्रोत दोन-तीन स्टेशनं गेल्यावर काका एका भलत्याच स्टेशनावर उतरले. पुढच्या डब्यात जायला नव्हे, नुसतेच उतरले. मी धावत मागे गेले. प्लॅटफॉर्मवर ते भरभर चालत होते. शेवटपर्यंत गेले, वळले, परत आले. "मी चूक केली का गं?" त्यांनी विचारलं. "त्या बाईला नुसतं रागवायला तरी एक माणूस होता. जिवंत. मी जाऊन त्याला मारून आलो. अम्माशी खोटं बोललो, तसं हिच्याशी बोललो असतो तर?"

"काय बोलला असतात?"

ते पुन्हा प्लॅटफॉर्मच्या टोकाकडे चालू लागले. तीन गाड्या गेल्या, मग आम्ही चौथीत चढलो.

त्या पावसाळ्यात काका वाळले. वहीतल्या बाकीच्या बारा नावांसाठी गावोगावच्या ग्रामपंचायतींना पत्रं लिहायचं त्यांनी ठरवलं होतं. पत्रं लिहून तयार होती, पण एकही टाकलं नाही. रोज सकाळी पाकिटं हातात घेऊन पोस्टापर्यंत जायचे आणि परत यायचे. काकू म्हणायच्या, "टाका नाहीतर फाडा." ते दोन्ही करत नव्हते.

पितृपक्षात एका दुपारी अमोलचा मला फोन आला. काकांना थेट करायची त्याला लाज वाटत होती. "मॅडम, आजीने आज पान वाढलं. मला सुट्टी घ्यायला लावली. भात, वडे, सगळं केलं. कावळा लगेच आला, म्हणते. आता विचारतेय, त्या मुलाण्याला विचार, तिथं जाता येतं का? मी म्हटलं, आजी, पासपोर्ट लागतो. तर म्हणते, मग काढ."

मी त्यांच्याकडे जाऊन सांगितलं. काकांनी चपला घातल्या, आणि ती सगळी पाकिटं त्या दिवशी पोस्टात पडली.

पुढचे तीन महिने काका पासपोर्टच्या मागे होते. ताराबाईंचा जन्माचा दाखला नव्हता, शाळेचा प्रश्नच नव्हता, खोली भाड्याची. काका प्रतिज्ञापत्रं करून आणायचे, मानेसरला जायचे, घरमालकाची सही घ्यायचे, पोलीस चौकीत जाऊन चहा पिऊन यायचे. ताराबाई त्यांना अरेतुरे करायच्या, आणि एकदा त्यांनी काकांबरोबर जुबेदाकाकूंसाठी मेथीचे मुटके पाठवले.

थंडीत एका सकाळी सोसायटीच्या फाटकापाशी फेऱ्या मारतामारता काका खाली बसले आणि गेले. डॉक्टरला बोलवायलाही वेळ मिळाला नाही. जानेवारीत पासपोर्ट आला, तो घेऊन अमोल आणि ताराबाई आमच्या सोसायटीत आले. ताराबाई काकूंच्या शेजारी दिवसभर बसून होत्या. तेवढ्या वेळात दोघींमध्ये काय ठरलं कोण जाणे, काकूंनी स्वतःचाही पासपोर्ट नवा करायला टाकला. आरिफशी त्यांचं फोनवर बोलणं चालू आहे. डॉक्टर अजून हो म्हणालेला नाही. दोघी जातील की नाही, मला माहीत नाही. काकांच्या पत्रांपैकी दोन गावांहून उत्तरं आली आहेत. ती मी वाचून दाखवते आणि काकू ऐकतात.

माझ्या डोळ्यांसमोर काका येतात ते गुडगावच्या पासपोर्ट ऑफिसमधले. ते गेले त्याच्या जेमतेम पंधरा दिवस आधी. मीही बरोबर गेले होते. टोकन आलं आणि आम्ही चौघे काउंटरपाशी गेलो. समोरचा तरुण माणूस स्क्रीनवर बघत एकेक रकाना विचारत होता. ताराबाईंच्या सगळ्या कागदांवर आतापर्यंत नवऱ्याचं नाव होतं. लग्नातसुद्धा मामाची भाची म्हणूनच त्यांची ओळख झाली होती. त्यामुळे "माताजी, पिता का नाम?" असं त्याने विचारलं, तेव्हा त्यांना जरा वेळ लागला. मग त्या इतक्या मोठ्याने बोलल्या की शेजारच्या दोन काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली.

"मारुती."

त्याने टाइप केलं आणि तपासायला स्क्रीन आमच्याकडे वळवली. काकांनी चष्मा पुसला आणि वाकून एकेक अक्षर वाचलं. "नहीं बेटा. यू नहीं. ओ लगाओ. एम, ए, आर, ओ, टी, आय."

"सर, मारोती? स्पेलिंग ग़लत हो जाएगी."

"हां, ग़लत है," काका म्हणाले. "वहाँ दीवार पे भी ग़लत ही लिखा है. वो ठीक करने कोई नहीं आया. आप यही रखो, ताकि दोनों मिल जाएँ."

त्या मुलाने यू खोडून ओ टाकला. ताराबाईंनी मला विचारलं, "काय म्हन्तोय त्यो?" मी सांगायच्या आधीच काका त्यांच्याकडे वळून म्हणाले, "झालं. लागलं तुमच्या बापाचं नाव."

आणि त्यांनी काउंटरवर ठेवलेली ताराबाईंची कागदांची पिशवी उचलली.